किती सरकली तारीख?

प्रिय ताई,

पत्र लिहायला बसलो होतो अमेरिकेच्या सरकारला, आणि पहिल्याच ओळीत 'प्रिय ताई' लिहून मोकळा झालो! आता खोडत नाही. थांबू दे सरकारला. आपण दोघं त्याच्या रांगेत इतकी वर्षं उभे राहिलो, ते माझ्यासाठी एक सकाळ थांबलं तर काय बिघडणार आहे?

झालं असं, की परवा भाऊजींचा फोन आला. तू गेल्यापासून त्यांचा आवाज बसलेलाच आहे. म्हणाले, "विलास, सुनंदानं तुह्यासाठी जो अर्ज केला होता, तो ते गेली अन् आपोआप बंद झाला. कायदाच तसा हाय. पण वकीलबाई म्हणते, माणुसकी म्हणून पुन्हा चालू करा अशी विनंती करता येते. तिच्या जागी जामीन म्हणून मी उभा राहतो. फक्त तुह्यं एक पत्र पायजे. बहिणीशी नातं कसं होतं, अन् तुले इकडं यायचं काहून हाय, एवढं लिहून दे. या हप्त्यात पाठव."

तेव्हापासून कोरा कागद घेऊन बसतो आणि उठतो. नातं कसं होतं! आता काय सांगू गं त्यांना? तू माझ्या डोक्यावर खोबरेल तेल थापून असा घट्ट भांग पाडायचीस की माझे डोळे वर ओढले जायचे. शाळेत कोणी मला मारलं की तू दप्तर खाली ठेवायचीस आणि आधी त्याला हाणायचीस, मग 'काय झालं' ते विचारायचीस. हे कोणत्या भाषेत लिहून पाठवायचं? आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर मला मराठीतही येत नाही. म्हणून म्हटलं, आधी तुलाच विचारावं.

आठवतं का, तू तिकडची नागरिक झालीस त्या दिवशी फोन केला होतास? तू रडत होतीस. आई घाबरली. तिला वाटलं भाऊजींचं काही झालं. तू नाक ओढत म्हणालीस, "काही नाई वं माय, आज शपथ घेतली मी." आणि पुढच्याच वाक्याला मला फोनवर घेतलंस. "इलास, आता मी तुह्यासाठी फाईल टाकून राह्यली. तू, वंदना अन् पोट्टा, तिघंई. नाई म्हणू नको." मला विचारलंसुद्धा नाहीस! लहानपणी आंघोळीला धरून न्यायचीस, तसंच धरून निघाली होतीस अमेरिकेला.

मी नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार? आपल्या किन्हीराजातून कोणी नर्स होऊन सातासमुद्रापार गेलं होतं आणि ते कोणी म्हणजे माझी ताई होती. विहारात लोक माझी ओळख 'अमेरिकेच्या नर्सबाईचा भाऊ' अशी करून द्यायचे. कारंजाच्या बसस्टँडवर मी वाहतूक नियंत्रक आहे, खिडकीत बसतो, माइकवर गाड्या पुकारतो, हे कोणाच्या लक्षातही राहायचं नाही.

आईनं तेव्हा तुला विचारलं होतं, "म्हंजे हा जाईन कवा?"

"वेळ लागते माय. भाऊ-बहिणीची रांग लय मोठी हाय."

"मंग नळावर आपण बकीट ठेवून देतो नंबरात, तशी ठेवून दे. अन् तू तुह्यं काम करत राहा."

"तेच केलं वं माय! बकीट ठेवली नंबरात."

किती हसलो होतो आपण. त्या रांगेची लांबी तेव्हा कोणाला ठाऊक होती!

मग सुरू झालं आपलं ते दर महिन्याचं. तिकडचं सरकार महिन्यातून एकदा तक्ता काढतं. आपल्या रांगेपुढे एक तारीख लिहिलेली असते. ज्याचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा, त्याला बोलावणं. म्हणजे ती तारीख सरकत सरकत आपल्या अर्जाच्या तारखेपाशी यायची, एवढंच. कधी ती आठवडाभर सरकायची. कधी सहा-सहा महिने ढिम्म हलायची नाही. आणि एकदा तर चक्क मागे गेली. ते आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मांगं गेली? तारीख मांगं कशी जाते बाप्पा? त्याहिच्या इकडं काल परत येते काय?"

तू तिला तासभर समजावलंस. तिला काही पटलं नाही. मरेपर्यंत ती म्हणायची, ज्या गावात तारीख मागे जाते तिथं आपल्या पोरीनं काहून राहावं.

तक्ता निघाला की तुझा फोन ठरलेला. सकाळच्या गाड्या काढून मी चहाचा कप हातात घेतलेला असायचा आणि तुझ्याकडे जेवणं आटोपलेली असायची. 'कसा आहेस' नाही, 'जेवलास का' नाही. पहिलं वाक्य एकच.

"किती सरकली?"

आता मला सांग, तुला माहीत नसायचं का? तू तर माझ्या आधी बघितलेलं असायचं! मीही बघितलेलं असायचं. तरी तू विचारायचीस आणि मी सांगायचो, "आठ दिवस सरकली ताई." मग तू म्हणायचीस, "चाल, आठ तं आठ." आणि त्यानंतर आपण जे बोलायला लागायचो! कोणाच्या पोरीचं पोलीस भरतीत झालं, कोणाच्या तुरीला शेंगा धरल्या नाहीत, शेलूबाजारच्या रस्त्यावर कुठं नवीन हॉटेल निघालं, तुझ्या वॉर्डातल्या त्या म्हाताऱ्या बाईनं तुला मुलगी मानलं. चहा गार होऊन जायचा. खिडकीवर माणूस यायचा, "साहेब, किन्हीची गाडी?" मी फोन कानाला तसाच ठेवून सांगायचो, "येऊन राह्यली, बसा." तिकडून तू हसायचीस. "तू लोकायले सांगतं येऊन राह्यली, अन् मी तुले!"

तारीख मोजून आठ दिवस सरकायची आणि आपण तिच्यावर सगळ्या गावाचं बोलून घ्यायचो. आज वाटतं, ती एकदम आली असती तर एवढं बोललो असतो का आपण? सख्ख्या भावंडांनासुद्धा फोन करायला काही निमित्त लागतंच ना!

रागही आहे तुझ्यावर, तोही लिहितो. तू रागावणार नाहीस आता. 'आता जायचंच आहे' या एका वाक्यानं आमच्या घरात किती गोष्टी अडवून ठेवल्या, तुला कल्पना आहे? घरावर वरची खोली बांधायची होती, नाही बांधली. जायचंच आहे! वंदनानं थंडीचे कोट शिवून घेतले, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. वाशिम जिल्ह्यात तो कोट कुठं घालायचा गं? एका जानेवारीत तिनं अंगणात घालून बघितला तर शेजारच्या शांताबाईनं विचारलं, "ताप आला काय वं?" आणि सिद्धार्थ! ज्याच्या शिक्षणासाठी म्हणून तू फाईल टाकलीस, तो तेव्हा नाक पुसायला शिकला नव्हता. तो शिकला, पुण्याला नोकरीला लागला, एकवीस ओलांडून गेला, म्हणजे तिकडच्या कायद्यानं आमच्या फाईलमधलं 'मूल' राहिला नाही. आता फाईल उघडली तरी त्यात त्याचं नाव राहील की नाही हे वकीलच जाणे. परवा मला म्हणाला, "पप्पा, माह्याकडं पाहू नका. मी असा नाई तं तसा माह्या पायानं जाईन, जायचं असलं तं. तुमी तुमचं ठरवा."

पण तुला मी हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि तूही एक गोष्ट कधी सरळ बोलली नाहीस. तारखेनंतर तुझा एक दुसरा प्रश्न असायचा. फोन ठेवता ठेवता, सहज विचारल्यासारखा.

"तुमी सारे इकडं आले तं घराची चावी कोणापाशी ठेवशीन?"

मी म्हणायचो, "शांताबाईपाशी." नाहीतर म्हणायचो, "घेऊन येईन संगं." दरवेळी काहीतरी फालतू. एकदा मात्र तू भडकलीस. "म्हंजे मी गावाले आली तं शांताबाईले चावी मांगू? माह्याच घराची?" आणि फोन ठेवून दिलास. मी बावळटासारखा बघत राहिलो. म्हटलं, हिला झालं काय? हीच बोलावते आणि हीच चिडते!

ती चावी. आपल्या घरची रीत कुठून आली कोण जाणे, पण दुसऱ्या कोणाच्या घरी मी ती पाहिली नाही. लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेरी आलीस, भीमजयंतीला. अंगणात पाय धुतलेस, आत आलीस, आणि आईनं कमरेची चावी काढून तुझ्या पदराला गाठ मारून बांधली. "जाईस्तोवर तुह्यापाशी राहू दे. घर तुह्यं हाय." तेव्हापासून दरवेळी तेच. आई गेल्यावर वंदनानंही ते मोडलं नाही. तू विमानातून उतरून, नागपूरहून गाडी करून दमून यायचीस, पांढऱ्या साडीत मिरवणुकीत लेझीम खेळून घामेजून जायचीस, पण चावी पदरातच. रात्री कडी-कुलूप तू लावणार. सकाळी दार तू उघडणार. आम्ही तुझ्या घरात पाहुणे! आणि निघायच्या दिवशी चावी वंदनाच्या हातात ठेवलीस की फाटकाकडे अशी भराभरा चालायचीस की मागे वळून पाहायचं नाव नाही. मला वाटायचं, विमानाची घाई आहे.

तुझ्या आजाराचं तू मला उशिरा सांगितलंस. हे बरं नाही केलंस ताई. कॅन्सर म्हणताना तुझा आवाज असा होता जसं वॉर्डातल्या कुण्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगते आहेस. मी म्हटलं, मी येतो. तू म्हणालीस, "तारीख आता तोंडाशी आली, थोडं थांब, कायमचाच येजो." कायमचा! मला कायमचं यायचं नव्हतं गं. मला तुझ्या पलंगाशेजारी पंधरा दिवस बसायचं होतं. म्हणून तुझं न ऐकता मी पाहुण्याच्या व्हिसाचा अर्ज टाकला आणि मुंबईला मुलाखतीला गेलो.

तिथं काय झालं ते तुला सांगितलं आहे, पण पुन्हा सांगतो. तुला आवडलं होतं ते.

वंदनानं इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट घातला होता. प्लॅस्टिकच्या पाकिटात सगळी कागदं लावली होती, आणि सगळ्यात वर काय ठेवलं होतं? तू माझ्यासाठी केलेल्या अर्जाच्या मंजुरीची प्रत! मला वाटलं, हा तर आपला हुकमाचा कागद. आपल्याकडे तहसीलला जा, बाजार समितीत जा, आत आपलं कोणी आहे म्हटलं की माणूस खुर्ची देतो. माझी तर सख्खी बहीण आत होती, आणि तिनं लेखी बोलावलं होतं!

खिडकीमागची बाई चांगली होती, नम्र होती. शेजारी मराठी बोलणारा माणूस होता. तिनं विचारलं, तुमच्यासाठी कोणी कायमच्या व्हिसाचा अर्ज केलेला आहे का? मी छाती फुगवून कागद काचेला लावला. "आहे ना! बहिणीनं केला आहे. कधीचा केलेला आहे." तिनं मान हलवली. मग विचारलं, परत कधी येणार?

आता ताई, तूच सांग. आजाऱ्याला भेटायला जाताना परतीचा दिवस कोणी ठरवून जातो का? आपल्याकडे असं बोललं तर घरचे म्हणतील, हा आला कशाला? आणि थोरल्या बहिणीच्या दारात उभं राहायच्या आधीच 'मी अमुक दिवशी निघणार' म्हणून सांगायचं? मी आपलं खरं ते सांगितलं. "ताई म्हणेल तेव्हा."

मराठीवाल्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं! मग त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईनं पासपोर्ट परत दिला, सोबत एक छापील चिठ्ठी. बाहेर आल्यावर फुटपाथवर एका पोरानं समजावून सांगितलं. ज्याला कायमचं बोलावणं आहे तो पाहुणा म्हणून गेला तर परत कशाला येईल, असा त्यांचा विचार असतो. आणि वरून मी सांगून आलो, ताई म्हणेल तेव्हा! म्हणजे तू मला बोलावण्यासाठी जो कागद केला होतास, त्याच कागदानं मला तुझ्यापाशी येऊ दिलं नाही. सांग आता, कोणावर चिडायचं?

भीत भीत तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मग हसायला लागलीस. "अरे येड्या! तिथं असं सांगत असतेत काय! ताई म्हणीन तवा! अरे बाप्पा!" खोकला आला, भाऊजी पाणी घेऊन धावले, तरी तुझं हसू थांबेना. मीही हसलो. फुटपाथवर उभा राहून, चिठ्ठी हातात घेऊन, डोळे पुसत हसलो. त्यानंतर तुझं तसं हसणं ऐकायला मिळालं नाही.

तू गेलीस तेव्हा तुझ्या हाताला हात लावायला मी नव्हतो. भाऊजींनी फोन उभा करून ठेवला होता. इकडे ओसरीत वंदना, शांताबाई, वस्तीतली सगळी बसली होती. तिकडे तुझी प्रज्ञा तुझ्या उशाशी उभी होती, एकटी पोर. इकडून आम्ही त्रिशरण पंचशील म्हटलं, तिकडून तिनं आमच्या मागून म्हटलं, चुकत चुकत. मध्येच चित्र थांबलं, तुझा चेहरा तसाच थिजून राहिला पडद्यावर. वंदनानं फोन हलवला, जसा रेडिओ हलवतात.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे हे पत्र सरकारला जात नाहीये.

तू गेल्यावर नवा तक्ता निघाला. मी पाहिला नाही, पाहायचं कारणच नव्हतं. सकाळच्या गाड्या काढल्या, चहा घेतला, आणि फोन वाजला. तुझा नंबर! माझ्या हातातून कप पडायचा राहिला. उचलला. पलीकडून बारीक आवाज आला.

"मामा… किती सरकली?"

प्रज्ञा होती. तुझी पोर. तिला धड मराठी येत नाही, तू किती कुरकुरायचीस त्यावरून! लहानपणापासून ती स्वयंपाकघरात तुझ्या मागे बसून तेवढं एक वाक्य ऐकत आली. तिला वाटायचं, मामाला फोन लावला की असंच म्हणायचं असतं. आपल्याकडे 'जय भीम' म्हणतात, 'कसे आहात' म्हणतात, तसंच हेही काहीतरी. खिडकीवर एक म्हातारी उभी होती, "बावा, मालेगावची लागली काय?" विचारत होती. मी तिला हातानंच बसा म्हटलं.

मग पोरीनं विचारलं, तुटक तुटक, शब्द शोधत. "मामा, आता आई नाही. मला गावाला यायचं आहे. मी येऊ शकते का? कोणाला विचारायचं?"

कोणाला विचारायचं! ताई, तुझ्या पोरीनं मला विचारलं, तुझ्या घरी यायला परवानगी कोणाची लागते! तिला वाटलं इकडेही एखादी खिडकी असेल, एखादी रांग असेल, आणि तिनं अजून अर्जच केलेला नाही.

परवा भाऊजींचा फोन झाल्यावर मी वंदनाला म्हटलं, मला वाटतं फाईल बंदच राहू द्यावी. ती माझ्यावर अशी उसळली! "ताईनं एवढे वर्षं जिवंत ठेवली ते फाईल, अन् तुमी मारता काय? त्याहिचा जीव होता तिच्यात. माह्यासाठी नाई म्हणत मी, मले कोट घालाची हौस नाई. पण त्याहिच्या हातचं शेवटचं काम हाय ते." तिचं काय चुकलं? मीही तेच तर उगाळत बसलो होतो. ही फाईल गेली म्हणजे तू माझ्यासाठी केलेलं शेवटचं काहीतरी जातं. आणि भाऊजींनी फोन ठेवताना हळूच म्हटलं होतं, "तू आला असता तं मलेई बरं झालं असतं." तेही कानात होतंच.

काल सकाळी ती भाकरी थापत होती. मी सहज बोलून गेलो, "बरं, आपण गेलो तं घराची चावी कोणापाशी ठेवशीन?"

माझं मलाच कळलं नाही हे वाक्य कोणाचं आहे ते! वंदना थापायची थांबली. मग पिठाचे हात तसेच घेऊन उठली, दारामागच्या खिळ्यावरून चावी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. परत जाऊन बसली, आणि पदर डोळ्याला लावला.

तेव्हा मला तुझं ते भडकणं कळलं, ताई. भराभरा फाटकाकडे चालणंही कळलं. मी तिकडे आलो असतो तर तुला भाऊ मिळाला असता, आणि तुझं माहेर बंद झालं असतं. तुला दोन्ही पाहिजे होतं. पाहिजेच ना! त्यात तुझं काय चुकलं? तू मला ओढतही होतीस आणि 'दार लावू नको' असंही सांगत होतीस, आणि तारीख बिचारी आठ-आठ दिवस सरकत आपल्या दोघांचंही मन राखत होती.

आता त्याच दारात तुझ्या पोरीला यायचं आहे. म्हणून भाऊजींनी मागितलेलं पत्र मी लिहिणार नाही. आज त्यांना फोन करून तसं सांगतो. माझी बहीण होती तोवर तिनं बोलावलं होतं, आता तिथं मला बोलावणारं कोणी राहिलं नाही, एवढंच. ते दुखावतील थोडे. वंदना म्हणते, त्यांना सांगा, निवृत्त झाले की हिवाळा इकडंच काढा, भाकर-ठेचा खा, स्टँडवर माझ्या खिडकीशी येऊन बसा. वरची खोली आता बांधून घेतो. खिडकी पश्चिमेला, तुला आवडायची तशी. शांताबाईला कोट देऊन टाकले. तिच्या नातवंडांनी त्यांचा तंबू केलाय.

तुला राग येईल का? मला वाटतं, 'येड्या' म्हणशील, एवढंच.

आणि एक कबूल करतो तुला. तक्ता मी पाहतच राहीन. आपली तारीख आता अगदी जवळ आली आहे, दोन-चार खेपांत ती तिथं पोचेल. बकीट भरेल, घ्यायला कोणी नसेल. पण त्या सकाळी मी गाड्या काढीन, चहा घेईन, आणि या वेळी फोन मीच लावीन. प्रज्ञा उचलेल आणि नेहमीचंच विचारील, "मामा, किती सरकली?"

वचन देतो ताई, त्या दिवशी मी रडणार नाही. मी तिला सांगीन, "आला वं पोरी नंबर. आता तू ये. चावी तुह्यासाठी काढून ठेवली."

तुझ्या घरात राहणारा,
तुझा इलास